पाण्याने फिरवलेले जाते

झाशीचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम किल्ला उभा राहतो. ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ साली बांधलेला तो किल्ला, पुढे अठराव्या शतकात तेथे आलेला मराठ्यांचा अंमल, नेवाळकरांचे घराणे आणि १८५७-५८ चा रणसंग्राम, ही सारी चित्रे एकामागून एक डोळ्यांपुढून सरकतात. आज मात्र, वाचकहो, आपणांस किल्ल्याच्या दरवाजातून आत न्यावयाचे नाही. तटाच्या आत आणि बाहेर, मराठी घरांत आणि बुंदेली घरांत, पहाटेच्या अंधारात जी एक वस्तू सारखीच घरघरत असे, तिच्यापासून आपण प्रारंभ करू. ती वस्तू म्हणजे जाते.

दगडाच्या दोन तळ्या, वरच्या तळीला एक खुंटा, मधल्या तोंडात मुठीमुठीने घातलेले दाणे आणि एका बाईच्या हातांचे बळ, एवढीच त्या यंत्राची सामग्री. घरातील माणसे जागी होण्यापूर्वी दिवसाचे पीठ तयार असले पाहिजे, हा नियम वाड्यात आणि झोपडीत सारखाच पाळला जाई. फरक एवढाच की, वाड्यातील दळणारे हात मोलाचे असत आणि झोपडीतील घरधनिणीचे.

येथे एक प्रश्न सहज मनात येतो. झाशीपासून थोड्याच अंतरावर बेतवा, म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतील वेत्रवती, खडकांमधून वाट काढीत वाहते. पाण्याच्या बळावर धान्य दळण्याची युक्ती तर जगाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. मग दाराजवळून वाहणाऱ्या या नदीने त्या बाईच्या हातातील खुंटा आपल्या हाती का घेतला नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता पाणचक्कीची बरीचशी कथा आपल्या हाती लागेल.

जुनी युक्ती

पाण्यावर चालणाऱ्या जात्याचा एक फार जुना आणि फार गोड उल्लेख एका ग्रीक कवीच्या लहानशा कवितेत आहे. अँटिपेटर हे त्याचे नाव. काळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. दळणकाम करणाऱ्या स्त्रियांना उद्देशून तो सांगतो की, आता पहाटेची झोप मोडण्याचे कारण उरलेले नाही, कारण तुमच्या हातांचे काम धान्यदेवतेने जलदेवतांकडे सोपविले आहे. नव्या यंत्राचे स्वागत करताना या कवीला धनाची किंवा राज्याची आठवण झाली नाही. त्याला दळणारीची झोप आठवली. पाणचक्कीची खरी थोरवी या एका गोष्टीत आहे, आणि ती आपण शेवटपर्यंत ध्यानात ठेवू.

त्याच सुमारास व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन शिल्पशास्त्रज्ञाने उभ्या चाकाच्या पाणचक्कीची रचना आपल्या ग्रंथात नोंदवून ठेविली. पुढे दक्षिण फ्रान्समध्ये बार्बेगाल येथे रोमन लोकांनी डोंगराच्या उतारावर दोन समांतर रांगांत एकाखाली एक अशी एकूण १६ चाके बसविली. वरच्या चाकावरून उतरलेले पाणी खालच्या चाकाला फिरवी. इंग्लंडात १०८६ साली राजाज्ञेने मालमत्तेची मोजदाद झाली, तेव्हा त्या लहानशा देशात पाच हजारांहून अधिक चक्क्या नोंदल्या गेल्या. आपल्याकडे हिमालयाच्या कुशीत, गढवाल-कुमाऊँपासून हिमाचल आणि काश्मीरपर्यंत, ओढ्याकाठचे घराट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असून काही ठिकाणी ते अद्यापही चालतात.

या घराटाची रचना पाहण्यासारखी आहे. ओढ्याचे पाणी पाटाने वळवून एका उतरत्या लाकडी पन्हाळीत सोडतात. पन्हाळीखाली एक आडवे चाक असते आणि त्याची पाती किंचित तिरकी बसविलेली असतात. पाण्याचा झोत पात्यांवर आदळला की चाक फिरते. चाकाचा उभा आस सरळ वर जाऊन जात्याच्या वरच्या तळीला जखडलेला असतो, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याबरोबर तळीचाही एक फेरा होतो. मध्ये दातेरी चाक नाही, पट्टा नाही. वर टांगलेल्या निमुळत्या टोपलीतून दाणे खाली पडतात. टोपलीला बांधलेली एक काठी फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगड जलद फिरला की काठी जास्त थरथरते आणि दाणे जास्त पडतात. दगड मंदावला की दाणेही कमी पडतात. मुठीमुठीने दाणे घालणाऱ्या बाईचा अंदाज त्या काठीने किती चतुराईने उचलला आहे, पाहा!

चाक उभे असेल तर मात्र दातेरी चाकांची मदत घ्यावी लागते, कारण उभ्या चाकाचा फेर आडव्या दगडाला द्यावयाचा असतो. अशा उभ्या चाकांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारात चाकाचा खालचा भाग वाहत्या पाण्यात बुडालेला असतो आणि प्रवाह त्यास ढकलतो. दुसऱ्या प्रकारात पाणी चाकाच्या माथ्यावर आणून सोडतात. चाकाच्या कडेला लहान लहान कप्पे असतात. ते भरले की त्या बाजूचे वजन वाढते आणि चाक त्या बाजूने खाली उतरते. या दोहोंत सरस कोणता, याचा निवाडा जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने लहान चाकांवर प्रयोग करून १७५९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. प्रवाहाने ढकललेले चाक पाण्याच्या बळापैकी फार तर तिसरा हिस्सा कामी लावते. माथ्यावरून भरणारे चाक मात्र सुमारे दोन तृतीयांश कामी लावते, असे त्यास आढळले.

पाणी सरत नाही, उंची सरते

पाण्याच्या बळाचे गणित अवघड नाही. दर सेकंदास ७५ लिटर पाणी १ मीटर खाली उतरले की १ अश्वशक्तीइतके बळ मिळते. हेच बळ दुसऱ्या रीतीनेही मिळेल. पाणी ५ मीटर उंचीवरून पडत असेल तर दर सेकंदास १५ लिटर, म्हणजे साधारण एक घागर पाणी पुरते. उंची पाचपट झाली, पाणी एक-पंचमांश झाले, तरी काम तितकेच.

आता याची तुलना माणसाच्या हातांशी करू. धडधाकट माणूस दीर्घकाळ टिकेल अशा रीतीने राबला, तर त्याच्याकडून अश्वशक्तीच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके काम होते. म्हणजे ५ मीटरवरून सेकंदाला एक घागर या मापाने पडणाऱ्या पाण्यात दहा माणसांचे बळ आहे. चांगल्या चाकातून त्याचा दोन तृतीयांश हिस्सा पदरात पडला, तरी सहा-सात बायांचे दळण ती एवढीशी धार करील, आणि तेही थांबल्यावाचून, रात्रंदिवस.

शिवाय या कामात पाण्याचा एक थेंबही खर्ची पडत नाही. चाकाखालून निघालेले पाणी पूर्वीइतकेच असते. ते पुढे शेताला द्या, हौदात साठवा, गुरांना पाजा. खर्च होते ती फक्त उंची. म्हणून पाणचक्की बांधणाऱ्याची सारी कसोटी उंची जपण्यात असते. पाणी दूरवरून अगदी बेताच्या उताराने आणावयाचे आणि शेवटी एकाच जागी सारे खाली सोडावयाचे, हे त्याचे तंत्र.

घरातील मुलांना हे डोळ्यांनी पाहता येईल. बाटलीच्या एका बुचाला सभोवार सुरीने सहा खाचा पाडाव्या, त्यांत जाड पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या सारख्या मापाच्या पट्ट्या बसवाव्या आणि बुचाच्या मध्यातून विणावयाची सुई आरपार घालावी. सुईची दोन टोके दोन हातांत सैल धरून हे चाक नळाच्या बारीक धारेखाली धरावे. प्रथम नळाच्या अगदी तोंडाशी आणि मग हातभर खाली. धार तीच, पाणी तेवढेच. पण खाली धरलेले चाक कितीतरी जोराने फिरेल. सुरीचे काम वडील माणसांनी करावे आणि खाली बादली ठेवावी, म्हणजे पाणी वाया जाणार नाही.

बेतवेने खुंटा का घेतला नाही?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. बुंदेलखंडाची भूमी कठीण कातळाची आहे. वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो आणि कातळावरून वाहून जातो. आषाढ-श्रावणात बेतवा दुथडी भरून वाहते. त्या वेळी तिच्यात चाक ठेवावे तर ते काठासकट वाहून जाईल. वैशाखात तीच नदी दगडांमधून बारीक होऊन झिरपते. त्या वेळी चाक फिरवावयास तिच्यापाशी बळ नसते. पोटाला तर दोन्ही महिन्यांत पीठ लागते! हिमालयातील ओढ्यांना झऱ्यांचे आणि वितळत्या बर्फाचे पाणी मिळते, म्हणून तेथे घराट टिकले. महाराष्ट्राच्या पठारावर आणि बुंदेलखंडात ओढे-नाले पावसाळी, म्हणून घरोघरचे दळण हातांवरच राहिले.

याचा अर्थ येथील लोकांना पाण्याचे शास्त्र अवगत नव्हते असा मात्र नाही. चंदेल आणि बुंदेला राजांनी टेकड्यांच्या मधोमध बांध घालून तलाव निर्माण केले. झाशीजवळचा बरुआसागर हा त्यांपैकीच एक. पण त्या साठविलेल्या पाण्यावर पहिला हक्क तहानेचा आणि पिकाचा होता. चक्की फिरवावयाची तर पाणी बारमाही हवे आणि ते उंचीवरही हवे. या दोन्ही अटी पुऱ्या झाल्याचे एक सुंदर उदाहरण पाहावयाचे असेल, तर आपणांस झाशी सोडून मराठवाड्यात यावे लागेल.

खाम नदीकाठची पाणचक्की

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बुखाऱ्याकडून दक्षिणेत आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठी ती उभी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे सारे बांधकाम टप्प्याटप्प्याने होत गेले.

खाम नदीही पावसाळीच. म्हणून बांधणाऱ्यांनी नदीवर विसंबून न राहता शहराच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातील भूगर्भातले पाणी धरले आणि ते मातीच्या बंद नळांतून कित्येक किलोमीटर आणले. जमिनीखाली झिरपलेले पाणी वैशाखातही आटून जात नाही. म्हणजे बारमाहीपणाची अट येथे पुरी झाली. दुसरी अट उंचीची. बंद नळातून आलेले पाणी, जेथून ते निघाले त्या पातळीच्या जवळपास पुन्हा चढू शकते. या नियमाचा लाभ घेऊन ते एका उंच भिंतीवर चढविले आणि तेथून खाली सोडले. त्या पडत्या पाण्याने खालचे पात्यांचे चाक फिरे आणि चाकाबरोबर वरचे जाते.

येथे दळलेले पीठ दर्ग्यातील शिष्यांच्या, यात्रेकरूंच्या आणि छावणीतील शिपायांच्या मुखी लागे. शेकडो माणसांच्या भाकरीसाठी जे हात पहाटे झिजले असते, ते पाण्याने मोकळे केले. आणि चाक फिरवून झाल्यावर ते पाणी कोठे गेले? समोरच्या विस्तीर्ण हौदात. या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही ते दालन थंड राहते. एकाच पाण्याकडून दळण, शोभा आणि गारवा अशी तीन कामे करून घेणाऱ्या त्या कारागिरांच्या काटकसरीला काय म्हणावे!

पण शहरातील घरोघरचे जाते काही थांबले नाही. पाणचक्की एक होती आणि चुली हजारो होत्या. यंत्र निर्माण होणे ही एक गोष्ट आणि ते सर्वांच्या दारी पोहोचणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर कापण्यास पुढे दोनशे वर्षे लागली.

चाक तारेवरून आले

मराठीत ‘गिरणी’ हा शब्द पिठालाही चालतो आणि कापडालाही. इंग्रजीतही या दोहोंना एकच शब्द आहे, त्यामागे इतिहास आहे. रिचर्ड आर्कराइट याने १७७१ साली इंग्लंडात क्रॉमफर्ड येथे सुताचा जो प्रसिद्ध कारखाना काढला, तो पाण्याच्या चाकावर चालत असे. धान्य दळणाऱ्या चाकाने सूत कातावयास प्रारंभ केला आणि जुन्या घराचे नाव नव्या कारखान्यास मिळाले.

आपल्या मुंबईच्या कापडगिरण्या प्रथम कोळशाच्या वाफेवर चालत. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून त्याच्या बळावर त्या चालवाव्या, ही कल्पना जमशेटजी टाटा यांची. १९०४ साली ते निवर्तले. पण १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज वाहू लागली. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी ५०० मीटरांहून अधिक उंचीवरून नळांतून खाली येते आणि कडेला वाट्या बसविलेल्या चाकावर झोताने आदळते. मघाचे गणित येथे लावून पाहा. एवढ्या उंचीवरून १ अश्वशक्तीसाठी सेकंदाला चहाचा एक पेला पाणी पुरेसे आहे! पुढे कोयनेसारखी मोठी जलविद्युत केंद्रे झाली, आणि झाशीच्या बाजूस बेतवेवरील माताटीला धरणातूनही सुमारे ३० मेगावॉटची वीज निर्माण करण्याची सोय झाली. ज्या बेतवेला जाते फिरविता आले नव्हते, तिला बांध घालून उंची दिली आणि वर्षभराचा साठा दिला. मग ती तारेवरून गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली.

पुन्हा बुंदेलखंडात

तथापि ही कथा मोठ्या धरणापाशी संपत नाही. झाशीच्या दक्षिणेस ललितपूर हा जिल्हा आहे. १९७४ पर्यंत तो झाशी जिल्ह्याचाच भाग होता. तेथील भैलोनी लोध या गावचे शेतकरी मंगल सिंह यांच्यापुढे प्रश्न होता तो शेताला पाणी देण्याचा. नदी खाली, शेत वर आणि पंप चालवावयाचा तर महाग डिझेल. सजनाम नदीच्या वाहत्या पाण्यानेच ते पाणी वर चढवावे, असे त्यांनी मनाशी घेतले आणि त्यासाठी यंत्र सिद्ध केले. १९९७ साली त्यास पेटंट मिळाले. ‘मंगल टर्बाइन’ या नावाने ते ओळखले जाते.

त्याची रचना आपणांस आता सहज उमगेल. लहानसा बंधारा घालून पाण्याला उंची दिली जाते. बंधाऱ्यातून सुटणाऱ्या पाण्याच्या वाटेवर एक उभे चाक असते. प्रचलित मापाचे चाक २ मीटर व्यासाचे आणि १२ पात्यांचे. ते सावकाश फिरते. त्याचा वेग दातेरी चाकांच्या पेटीतून वाढविला जातो आणि पेटीच्या एका बाजूस पंप जोडला जातो. दुसऱ्या बाजूस पट्ट्याचे चाक बसवून मळणीयंत्र, उसाचा चरक किंवा पिठाची चक्कीही चालविता येते. व्हिट्रुव्हियसच्या उभ्या चाकाचाच हा बुंदेली वंशज! केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या सांगण्यावरून डॉ. बी. पी. मैठाणी यांनी या यंत्राची पाहणी केली. असे एक चाक दिवसाला ११ तास चालले तर सुमारे ४४ लिटर डिझेल वाचते, असा हिशेब या यंत्रासंबंधी मांडला गेला आहे.

ओढ्यात पाणी असेल तोवरच हे चाक फिरेल, ही त्याची मर्यादा उघड आहे. बंधारा राखावा लागतो, गाळ काढावा लागतो, पेटीला वंगण द्यावे लागते. गावाने हे आपले मानले तरच चाक चालते. बुंदेलखंडात आणि महाराष्ट्रात अशा चाकास योग्य ओढे-नाले पुष्कळ आहेत. त्या मानाने चाके फारच थोडी दिसतात. पाणचक्की एक आणि चुली हजारो, हे जुने अंतर आजही अनेक ठिकाणी तसेच आहे, आणि ते कापणे हे आपणां सर्वांचे काम आहे.

मोकळे झालेले हात

आज बहुतेक घरांत जाते उरलेले नाही. असलेच तर हळदीच्या दिवशी पूजेपुरते बाहेर निघते. जात्याबरोबर ओवीही मागे पडली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून दळताना गाइल्या जाणाऱ्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे आपल्यावर त्यांचे मोठे ऋण आहे. त्या ओव्यांत माहेर आहे, विठोबा आहे, भावाची वाट आहे आणि न सांगता येण्यासारखे दुःखही आहे. ओवी गेली म्हणून हळहळ वाटते, ती खोटी नाही. पण ती ओवी दळणारीने कष्ट हलके करण्यासाठी रचली होती, हेही विसरू नये. ज्या घरात आजी अजून ती ओवी म्हणू शकते, त्या घरातील मुलांनी या आठवड्यात तिच्याजवळ बसून ती लिहून घ्यावी. जात्याचा खुंटा पाण्याने घेतला, हे चांगलेच झाले. त्याबरोबरचा सूर मात्र पाण्याबरोबर वाहून जाऊ देऊ नये.